रोलर चालला होता

पागे यांच्यावर डिझेल विकल्याचा आळ होता, आणि त्याचा पुरावा आमच्या लॅबने दिला होता.

आमची लॅब इंदूरला, राऊच्या अलीकडे. आम्ही माती तपासतो. रस्ता, पूल, बिल्डिंग, काहीही बांधायचं झालं की खालची माती आधी आमच्या ओव्हनमधून जाते. मी इथली टेक्निकल मॅनेजर. मालक देवधर सर, रिपोर्टवर सही त्यांची.

त्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये दोघं बसले होते. वर्माजी म्हणजे सोलर प्लँट उभारणाऱ्या कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर. पागे हे त्यांचेच साइट इनचार्ज, राऊचे, पन्नाशी ओलांडलेले. प्लँट राजस्थानात, एका कोरड्या तळ्यात. वाळवंटात पावसाचं पाणी सखल जागी साचतं. त्याला बाहेर जायला वाट नसते. ते तिथेच उन्हात आटतं आणि क्षार मागे ठेवून जातं. असं शेकडो वर्षं झालं की पांढुरकी, खारी, पायाखाली पापडासारखी मोडणारी जमीन तयार होते. पागे तिच्यावर प्लँटचा आतला रस्ता करत होते.

"मॅडम, रिपोर्ट तो आपकी है," वर्माजी म्हणाले. "हर पॉइंट पे कॉम्पॅक्शन फेल. मतलब रोलर चला नहीं. डीज़ल का बिल पूरा लगा है. तो डीज़ल गया कहाँ?"

"रोलर चाललाय," पागे म्हणाले. ते माझ्याकडे बघून मराठीत बोलत होते, कारण वर्माजींकडे बघून हिंदीत सांगून झालं होतं. "मी खुद त्याच्या मागे मागे पैदल फिरलोय, मॅडम. इतकी धूल खाल्ली आहे ना, की आता घरचं खाणं अलोणी लागतं."

कॉम्पॅक्शन म्हणजे माती दाबून घट्ट करणं. किती घट्ट झाली ते वजनावरून कळतं. रस्त्यात छोटा खड्डा करायचा, निघालेल्या मातीचं वजन करायचं आणि त्यातून पाण्याचं वजन वजा करायचं. उरली ती खरी माती. पाणी मोजायला आम्ही थोडी माती एका डबीत घालून ओव्हनमध्ये एकशे दहा डिग्रीला रात्रभर ठेवतो. सकाळी जेवढं वजन घटलं असेल तेवढं पाणी. पाणी जास्त निघालं तर माती कमी, म्हणजे रस्ता पोकळ. पागेंच्या मातीत पाणी भरपूर निघत होतं.

"पानी ज़्यादा डाला, रोलर कम चलाया," वर्माजी म्हणाले.

"तिथे प्यायला पाणी टँकरने येतं हो," पागे म्हणाले. "रस्त्याला नापून घातलं मी. ज़्यादा कुठून आणू?"

देवधर सर खुर्चीत मागे रेलले. "कुठेतरी पाणी मुरतंय," ते म्हणाले.

वर्माजींना मराठी येत नाही, पण सूर कळला. त्यांनी सांगून टाकलं की सोमवारी हेड ऑफिसला कळवणार, पागेंना काढणार आणि ठाण्यातही अर्ज देणार. साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्यांनी आधीच लिहिलं होतं: रोलर खड़ा रहा, डीज़ल बिक गया.

पागे जाताना दारात थांबले. "मॅडम, ते कोणीतरी फॉरवर्ड केलं. फिरत फिरत माझ्या मुलीच्या ससुराली पोचलं. जावई काही विचारत नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

मला वाईट वाटलं. पण आकडा आमचा होता आणि आकड्यापुढे मी काय बोलणार?

आमच्या लॅबची एक रीत आहे. ओव्हनमधून काढलेल्या डब्या कोणी खरवडत बसत नाही. वजन झालं की त्यांत पाणी घालून सिंकमध्ये ठेवायच्या आणि जेवायला जायचं. माळव्याची काळी माती पाण्यात फुगते, सुटते, तिचा चिखल होतो. परत येऊन नळाखाली धरली की डबी लख्ख. इंदूरच्या कुठल्याही लॅबमध्ये हेच करत असतील.

त्या दुपारी पागेंच्या फेरतपासणीच्या डब्या सिंकमध्ये होत्या. मी जेवून आले. काळ्या मातीच्या डब्या धुतल्या गेल्या. पागेंच्या डब्या उलट्या केल्या तर काहीच पडलं नाही. चमच्याने ठोकलं तर टण्ण वाजलं. आत दगड झाला होता.

एका डबीत पाणी घालायचं राहिलं होतं. ते घातलं, ढवळलं आणि डबी हातात धरून बसले. थोड्या वेळाने ती कोमट लागली. लहानपणी माझं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालताना हात असाच उबदार झाला होता आणि मी घाबरून रडले होते. या वेळी मी रडले नाही, पण घाबरले जरूर.

त्या मातीत जिप्सम होतं, आणि भरपूर होतं. जिप्सम हा असा क्षार आहे की त्याच्या कणातच पाणी बांधलेलं असतं. ते ओलं लागत नाही, पिळून निघत नाही, वाळवंटाच्या उन्हातही हलत नाही. एकशे दहाला रात्रभर भाजलं की मात्र बहुतेक निघून जातं, आणि मागे उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. म्हणजे आमचा ओव्हन दगडातलं पाणी बाहेर काढत होता आणि आम्ही ते पागेंच्या नावावर लिहीत होतो. अशी माती साठ डिग्रीला वाळवायची असते. नियमात तशी एक ओळ आहे. माळव्यात ती कधी लागत नाही, म्हणून कोणी वाचत नाही.

शिल्लक नमुने पिशव्यांत बंद होते. ते मी साठला लावले. पाणी नावापुरतं निघालं. पुन्हा हिशेब केला. रस्ता पास होत होता, सगळ्या पॉइंटवर.

मी सरांकडे गेले.

"जिप्सम आहे हे क्लायंटनी लिहून दिलं नव्हतं," सर म्हणाले.

"नव्हतं दिलं. पण सर, रिपोर्ट मागे घ्यावा लागेल."

"एक मागे घेतला की लोक बाकीचे विचारतात. कल बोलेंगे, लॅब का ओव्हन ही झूठा है. इतकी वर्षं माती करतोय आपण, वैशाली."

"पागेंना ठाण्यात बसवतील."

"बघू सोमवारी," सर म्हणाले. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो.

आमचं घर बड़ा गणपतीच्या देवळामागच्या गल्लीत. घरी शाडूच्या गणपतीचा रबरी साचा आहे. तो भाद्रपदात माळ्यावरून उतरतो. मी तो वैशाखात उतरवला.

"आत्ता कसले गणपती?" सासूबाईंनी विचारलं.

"ऑफिसचे," मी म्हटलं.

पागेंची उरलेली माती लॅबमध्ये एकशे दहाला रात्रभर भाजून मी घरी आणली, खलात बारीक केली, चाळली, पाण्यात कालवली आणि साच्यात ओतली. थोडी मळकट झाली, सोंडेचा एक टवका गेला, पण मूर्ती सुटली. सोमवारी सकाळी ती सरांच्या टेबलावर ठेवली.

सर आले. चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले. मग विचारलं, "छान आहे. शाडूची?"

"नाही सर. पागेंच्या रस्त्याची."

"म्हणजे?"

"आपल्या ओव्हनमधली माती. दुसरं काही मिसळलं नाही. नुसतं पाणी घातलं."

सरांनी मूर्तीच्या पाठीवरून बोट फिरवलं. साधी डबी असती तर त्यांनी कचऱ्यात टाकली असती. ही टाकता येत नव्हती. जिच्यापुढे नुकतेच हात जोडले तिला खोटं कसं म्हणायचं, हीही अडचण होती.

"काळी माती असती तर?" त्यांनी विचारलं.

"चिखल झाला असता."

त्यांनी चष्मा पुसला आणि वर्माजींना फोन लावला. "वर्माजी, वो अर्ज मत दीजिए. रोलर चला था. ओव्हन हमारा गलत था." हे शेवटचं वाक्य सरांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी सुधारलेला रिपोर्ट गेला. वर्माजी म्हणाले, "चलो, अच्छा हुआ. टेक्निकल मामला था." पागेंची नोकरी राहिली. वर्माजींनी रिपोर्टची पीडीएफ ग्रुपवर टाकली आणि विषय संपवला.

संध्याकाळी पागेंचा फोन आला. थँक्यू म्हणाले. मग म्हणाले, "मॅडम, चोर मी ग्रुपवर झालो आणि साफ झालो पीडीएफमध्ये. पीडीएफ कौन खोलता है?"

मी हे सरांना सांगितलं. लॅबही त्या ग्रुपवर होती. सरांनी टेबलावरच्या गणपतीचा फोटो काढला आणि खाली स्वतः टाइप केलं: यह मूर्ति पागेजी की सड़क की मिट्टी से बनी है. रोलर पूरा चला था. गलती लैब की थी.

लगेच उत्तरं सुरू झाली. जय गणेश. बप्पा मोरया. हात जोडलेले, फुलं, दिवे. वर्माजींनीही हात जोडले. खालचं कोणी वाचल्याचं दिसेना. मी वैतागले. सर म्हणाले, "थांब जरा. गणपती आहे तो, एका जागी राहत नाही."

खरंच राहिला नाही. पीडीएफ कोणी पुढे पाठवत नाही, गणपती सगळे पाठवतात, आणि त्याच्या पायाशी लिहिलेलंही सोबत जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी पागेंचा पुन्हा फोन आला.

"जावयाचा फोन होता," ते म्हणाले. "विचारत होता, बाबा, हा तुमच्या रस्त्याचा गणपती आहे का?"

"मग? काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. और क्या बोलता."

अशा जमिनीवर रस्ता करावा का, पाण्याने जिप्सम हळूहळू विरघळलं तर पुढे काय, हे प्रश्न वेगळे. ते आम्हाला कोणी विचारले नव्हते. मी रिपोर्टच्या शेवटी दोन ओळी लिहिल्या आहेत. पीडीएफ आहे, कोणी उघडली नसेल.

गणपती पागे घेऊन गेले. ओव्हनच्या दारावर आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: आधी विचारा, माती कुठली? आणि "पाणी मुरतंय" असं आमच्या लॅबमध्ये आता कोणी बोलून दाखवत नाही. फार वाटलंच तर साठला लावून बघतो.