उरलेला सुळा

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे बटणवाली मावशी म्हणत. तापावरच्या एका गोळीने अंगाची सालं निघाली आणि डोळे कायमचे कोरडे, पांढरे पडले, त्याला नऊ वर्षं झाली होती. पण बटणं लावायला डोळे कशाला लागतात, असं ती ठणकावून सांगे. सुईचं नेढं ती जिभेने शोधायची, दोरा ओठांनी आत सारायची आणि टाका संपला की सुळ्याने तोडायची. कात्री हरवते, दात हरवत नाहीत.

राहायला एक खोली आणि सोबतीला विधवा धाकटी बहीण. धाकटीचा मुलगा आईला कधीचा बोलावत होता. ताईला दिसायला लागलं की येते, हे तिचं ठरलेलं उत्तर. ती फोनवर हळू आवाजात बोलायची. खोली केवढी, मावशीचे कान केवढे!

दुसऱ्याचं बुबुळ दोनदा बसवून झालं होतं. दोन्ही वेळा डोळ्याने ते टिकू दिलं नाही. आता डॉक्टरीणबाईंनी वेगळी वाट काढली. बुबुळ कृत्रिम, पण ते धरून ठेवायला मावशीचाच सुळा. तो हाडासकट काढायचा, मुळाची चकती करून मधे भिंग बसवायचं. चकती तीन महिने गालाच्या कातडीखाली मुरवायची, मग डोळ्यात. वर तोंडाच्या आतलं अस्तर चढवायचं. परकं होता होईल तो काही नको.

"म्हणजे आता मी डोळ्याने चावणार," मावशी म्हणाली. धाकटी हसून हसून लोळली.

उजवा सुळा किडलेला होता, डावा तेवढा धड. त्याने दोरा तोडायचा नाही, बाईंनी बजावलं. मावशीने कात्री नाडीने गळ्यात बांधून घेतली.

चौथ्या दिवशी धाकटी फोनवर कुठलं सामान न्यायचं ते बोलत होती. मावशीच्या हातात शेजारणीने बटणासाठी दिलेला कोट होता, दोरा जाड. कच्चकन आवाज आला आणि जिभेवर सुळ्याचा कपचा आला.

दोन दिवस ती गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं.

"मुद्दाम केलंस, ताई?"

"मलाच कळत नाही गं."

बाईंनी दात तपासला. टोक गेलं तर जाऊ दे, कामाचं असतं ते मूळ, आणि ते शाबूत आहे, म्हणाल्या. धाकटीने सुस्कारा सोडला. मावशीही हसली, जरा उशिरा.

सुळा निघाला, गालात पुरला गेला. तोंडातली जखम भरेपर्यंत जिभेने दोरा ओवणं बंद, म्हणून कामही बंद. धाकटी बाजारात गेली की मावशी खाटेवर बसून गालातला उंचवटा चाचपायची. कुणीतरी मुक्कामाला आल्यासारखं वाटायचं. तीन महिन्यांनी तोही तिथून हलला.

पट्टी सुटली तेव्हा नळीतून पाहावं तसं दिसलं. लहानसं वर्तुळ आणि त्यात धाकटीचं तोंड. केस पांढरे, गाल ओघळलेले. नऊ वर्षांत ती म्हातारी झाली होती आणि हे मावशीला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटीने बोटं समोर धरली. किती?

अंधुक आहे म्हटलं असतं तर महिना-दोन महिने मिळाले असते.

"दोन," मावशी म्हणाली. "आणि नखं काप ती."

धाकटी रडली, मग मुलाला फोन लावायला उठली. दोन पावलांतच ती वर्तुळातून निसटली. मावशीने मान वळवून तिला पुन्हा पकडलं, दारापर्यंत.