करियाला काय आवडायचं

निरोप घेऊन आलेला माणूस उंबऱ्याच्या आत आला नाही. पाणी पुढं केलं तर "नको" म्हणाला, तेव्हाच मी समजलो. "बोरगावच्या आक्का गेल्या," एवढं सांगून तो आल्या पावली परत फिरला. त्याला आता महिना होत आला. आक्का माझी थोरली बहीण. तिच्याविषयी लिहायला बसलो आणि आधी आठवलं ते तिच्या सासरचं कुत्रं, याचं माझं मलाच नवल वाटतं. मला कुत्र्यांची हौस नाही. खरं म्हणजे तिलाही नव्हती.

करिया हे काळं कुत्रं निपाणीच्या बाजारातून बैलगाडीच्या मागं मागं आलं आणि तिथंच राहिलं. कुणीतरी भरपूर मारलेलं असावं, हात वर झाला की ते दात दाखवी. शेजारची पोरगी मायेनं डोकं थोपटायला गेली, तर तिच्या बोटाला दात लागले. आक्काचे सासरे, मामंजी, म्हणाले, "सोडून या ह्येला लांब कुठंतरी." घरात आक्का फारशी बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "थोडं दिस थांबा, मामंजी. त्येला हात नको असंल. काय पायजे ते बघू तरी."

आणि ती बघत राहिली. संध्याकाळी दाराबाहेरच्या कट्ट्यावर शेंगा निवडत बसायची, करियाकडं पाठ करून. बोलावणं नाही, चुचकारणं नाही. हळूहळू ते जवळ येऊन बसू लागलं, मग पाठ तिच्या पायाला घासू लागलं. तिनं पायाच्या तळव्यानं त्याच्या बरगड्या चोळल्या, मग शेपटीच्या वरचा भाग. थोडं चोळायचं आणि थांबायचं. त्यानं नाकानं पाय ढोसला तर पुन्हा चोळायचं, उठून गेलं तर जाऊ द्यायचं. डोळे मिटून, मान लांब करून ते असं पडायचं की मला हसू यायचं.

एकदा मी तिथं असताना मामंजींनी हे पाहिलं. आपल्याकडं पाय चुकून लागला तरी आपण नमस्कार करतो, माणसाला काय आणि जनावराला काय. सुनेचा पाय कुत्र्याच्या अंगावर बघून म्हातारा पेटलाच. "मुक्या जीवाला लाथा? ह्या घरात मी जेवायचा न्हाय!" आम्हा जैनांची जेवणं दिवस बुडायच्या आत होतात, आणि ऊन तर कौलांवर गेलेलं. आता जेवले नाहीत तर रात्रभर उपाशी. मी हातापाया पडायच्या बेतात होतो. आक्का मात्र शांतपणे म्हणाली, "मामंजी, हितं बसा. पाय सोडा खाली. त्येच्याकडं बघू नका."

काय वाटलं कोण जाणे, मामंजी बसले. करिया लांबून हुंगत राहिलं... मग आलं, आणि त्या भेगाळल्या टाचेखाली त्यानं पाठ दिली. मामंजींनी चाचरत पाय हलवला, थांबवला. करियानं ढोसलं. "आणि पायजे म्हणतंय व्हय गं?" म्हातारा विचारू लागला. पानं वाढून तयार होती, पण या नादात दिवस बुडून गेला. मामंजी उपाशीच झोपले, पण कुत्रं सोडून यायची गोष्ट पुन्हा कधी निघाली नाही.

बातमी आली त्या दिवशी बोरगावला पोचलो तेव्हा दाजी, आक्काचे यजमान, त्याच कट्ट्यावर होते. येणारा प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रडायचा आणि ते उठून गोठ्याकडं जायचे. मी हात लावला नाही. शेजारी रस्त्याकडं तोंड करून बसलो. खाली करिया पाय लांब करून पडलं होतं.

"ह्येला कुठं चोळलं की बरं वाटतंय, ते तिला ठावं हुतं," दाजी म्हणाले. "माझ्या वडलांना भाकरी किती मऊ लागती, मला ताक किती आंबट... समदं. आन् तिला काय आवडायचं रं? मी कधी इचारलंच न्हाय. तू भाऊ हैस, तू सांग."

मी आठवू लागलो. लहानपणापासूनची आक्का डोळ्यांसमोर आणली. कुणाला ना कुणाला काही देतानाची, वाढतानाचीच ती दिसत होती. दाजी माझ्या तोंडाकडं बघत वाट पाहत होते.