काकीचा नवरा कुठे गेला होता

काकीला मी तिचा नवरा मेल्याचं सांगितलं, आणि ती हसली.

आज काकीचं वर्षश्राद्ध. वर्षभर लिहीन लिहीन म्हणत होते. आज लिहितेच.

काकी म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. नात्याने आजी, पण अख्खं घर तिला काकीच म्हणायचं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचा गाव. पंचाण्णव वर्षांत ती मुंबईला तीनदा गेली, तिन्ही वेळा दवाखान्यासाठी. समुद्र पाहिला तो गाडीच्या काचेतून.

आणि नवरा नेव्हीत.

आमच्याकडे घरटी एक माणूस मिलिटरीत, त्याचं कुणाला कौतुक नाही. पण सगळे पायदळात. हा एकटाच इंग्रजांच्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, बोटीवर गेला, बॉयलरमध्ये कोळसा मारायला. लग्नाला एक पावसाळा झाला होता. काकी चौदा-पंधरा वर्षांची.

लढाई संपली. तो आला नाही. तारही आली नाही.

कशेडीकडचा एक जण मात्र परत आला आणि म्हणाला, "मी त्याला कराचीच्या बाजारात बघितला. संगती बाई होती."

झालं. त्या एका वाक्याखाली काकीने ऐंशी वर्षं काढली.

कुंकू लावायची, पण ओटी भरायची वेळ आली की बायका एकमेकींकडे बघायच्या. "टाकलेली" हा शब्द तिच्यासमोर कुणी काढत नसे. पाठ वळली की काढायचे. मी स्वतः ऐकलाय, हळदीकुंकवाला, शेजारणीच्या तोंडून.

तीनेक वर्षांपूर्वी काकी मला म्हणाली, "तुज्या त्या मोबाईलमधी सगळं गावतं ना गो? मग ह्यांचं काय झालं ते बघ."

"आता बघून काय करणार काकी?"

"लढाईत गेले असले तर बरं. म्हंजे टाकलं नाय मला."

मी शोधायचं कबूल केलं.

मी महाडला कॉलेजच्या लायब्ररीत कामाला. शोधाशोध हा माझा धंदाच, त्यामुळे जरा तोरा होता. दुपारी वाचक नसले की युद्धनौकांचे इतिहास वाचत बसायचे. कुठली बोट कुठे बांधली, कुठे बुडाली, किती वाचले. माझ्या हातून बशी फुटली तरी मला दिवसभर लागून राहतं, आणि इथे रोज एक बोट बुडत होती.

पहिले तीन महिने रायगड जिल्हा शोधण्यात घालवले. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, हे या महाडच्या लायब्ररीवालीला तीन महिन्यांनी सुचलं.

मग ऑनलाइन एक इंग्रज आजोबा भेटले. रिटायर्ड. छोट्या युद्धनौकांची माहिती जमवायचा छंद. त्यांनी बुडालेल्यांची यादी पाठवली.

सीताराम राघू. काकीच्या नवऱ्याचंच नाव. स्टोकर, म्हणजे कोळसा मारणारा. गाव आमचाच. तालुका महाड (पोलादपूर तेव्हा महाडातच), जिल्हा कुलाबा.

समुद्रातले सुरुंग काढणारी बोट, तीच सुरुंगावर गेली. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ.

पण पुढे बायकोचं नाव होतं, तान्ही.

आमच्या काकीचं नाव जानकी. रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे जानकी. म्हटलं, त्या काळी गावात सीताराम काय, राघू काय, पैशाला पासरी असतील. हा दुसराच कुणीतरी. फाइल बंद केली. काकीने विचारलं की सांगायचे, शोधतेय.

असे सहा महिने गेले.

मग एकदा गावी गेले होते. दोघी वाल सोलत बसलो होतो. सहज विचारलं, "काकी, आपल्या गावात आणखी एक सीताराम राघू होता का? बायकोचं नाव तान्ही."

काकीच्या बोटांतला वाल तसाच राहिला.

"तान्ही मीच गो."

माहेरचं नाव. नवरा सीताराम, म्हणून सासऱ्याने लग्नात बदलून जानकी ठेवलं. माहेरची माणसं गेली, तसं तान्ही म्हणणारं कुणी उरलं नाही. आणि मी शहाणी! लग्नात माझंही नाव तांदळात लिहून बदललंय, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

"ह्यांना जानकी नाय आवडायचं," काकी म्हणाली. "कोन नसलं की तान्हीच म्हनायचे." मग मला विचारलं, "सायबाला पन तेच सांगितलंनी?"

"तेच सांगितलं काकी. छापलंय."

मग तिला सगळं सांगितलं. बोट, सुरुंग, ब्रह्मदेश.

हसली ती तेव्हा. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होती.

"टाकलं नव्हतं मला." तीनदा म्हणाली.

आणि पदराने कपाळाचं कुंकू पुसायला लागली. मी चिडले. तिचा हात धरला. "काकी, हे असलं काही करायचं नाही हां. कोण पाळतं आता?"

"सोड गो हात. इतकी वर्सं लोकांसाठी लावलं. आता माज्या मानसासाठी पुसते."

भाषण आवरतं घेतलं. सोडला हात.

त्या पितृपक्षात तिने पहिल्यांदा त्याच्या नावाने पान वाढलं. काठी टेकत घरोघर सांगून आली, "आमचे लढाईत गेले." त्या शेजारणीच्या दारात जरा जास्तच वेळ उभी होती.

आणि मग गेली. झोपेत.

बायका म्हणाल्या, जन्मभर सवाशीण होती, मळवट भरूया. मी नको म्हटलं. तिचं तिने ठरवलं होतं.

बोटीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तिच्यावर आणखीही माणसं होती, त्यांच्या घरच्यांना असं फेसबुकवरून कळू नये. कुणाच्या घरातलं कुणी त्या लढाईत बोटीवर गेलं असेल तर मला मेसेज करा. मी शोधून देईन. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला तिचं माहेरचं नाव आधी विचारा.

काकी, माहिती हातात असून मी सहा महिने गप्प बसले.

टाकलेली नाही हे कळल्यावर तू अकरा महिने जगलीस. सतरा मिळायला हवे होते.

माफ कर गो.

तान्ही सीताराम, तुला मनापासून नमस्कार.