सख्ख्या आईची गोष्ट कुणी लिहीत नाही

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. वऱ्हाड प्रांत मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या वर्षी. कोजागिरीच्या दोन दिवस अगोदर, दिवे लागायच्या सुमारास, किन्हीराजाला, आमच्या अंगणात. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. अन्याय करणारे दोघं. एक आमची आई, सख्खी. दुसरा मी.

आईनं तिला कधी मारलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही चिमटा आणि चटके शोधत बसाल. उपाशीही ठेवलं नाही. आई तिच्याशी बोलत नसे, एवढंच. माझ्याशी बोले, वडिलांशी बोले, रस्त्यानं जाणाऱ्या बोहारणीला थांबवून तासभर बोले. बहिणीशी मात्र नाही. कधी आठ दिवस, कधी महिना, एकदा अख्खा पावसाळा. काही सांगायचंच झालं तर ती म्हशीला सांगायची.

"काय व, पानी कोन आननार? ऊन अंगनात आलं," आई धार काढता काढता म्हशीला विचारायची.

बहीण दारातून म्हशीलाच उत्तर द्यायची. "सांगजो व तिले, दोन खेपा झाल्या. रांजन भरला."

"मंग सांग तिले, भाकर टोपल्यात हाये."

"सांगजो, खाल्ली."

आलेले पाहुणे पोट धरून हसायचे. "तुमची म्हैस लय शानी हाये बाप्पा, दोघींचा निरोप सांगते!" मीही हसायचो. वडील वावरातून येत, हातपाय धूत, जेवत. त्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. बायकांचं काहीतरी चाललंय, असं त्यांना वाटत असावं.

कारण काय होतं? मला माहीत नाही. आजही नाही. आणि दर बाजाराच्या दिवशी आई हिला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावायची, गुंता झालेली बट मुळाशी घट्ट धरून, ओढ बसू नये म्हणून टोकाकडून हळूहळू विंचरायची. इतकी हळू की बहिणीचे डोळे मिटायचे. तेवढा वेळ दोघी गप्प. वेणी घालून झाली की आई तिच्या पाठीवर एक चापटी मारायची, म्हणजे ऊठ. त्या चापटीसाठी बहीण सोमवारपासून बाजाराची वाट पाहायची.

मी वाशिमला शिकत होतो. तिथं आमचं तरुणांचं एक मंडळ होतं, पत्रकं लिहायचं, नाटुकली करायचं. मुलांचा छळ या विषयावरचं पत्रक माझ्याकडं आलं. मी वाचनालयात बसलो आणि हाताला लागतील तेवढ्या कादंबऱ्या काढून आईबापांची यादी केली. सावत्र आई: मारते, उपाशी ठेवते, शेवटी पस्तावते किंवा मरते. दारुडा बाप: मारतो, शेवटी दारू सोडतो. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला देणारा बाप. कडक बाप, जो मुलाला छडीनं फोडतो आणि दाराआड डोळे पुसतो. याला लेखक छळ म्हणतच नाहीत, संस्कार म्हणतात. आणि सख्खी आई? ती सगळ्या पुस्तकांत एकच होती, देवाघरी गेलेली नाहीतर चुलीपाशी डोळे पुसणारी. मी यादीवर खूश होतो. पत्रक झालं, छापलं, मंडळात वाहवा झाली.

दसऱ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा ते बहिणीला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. ऐकून घेतलं तिनं सगळं.

"भाऊ, याच्यात आपल्या मायसारखी माय कुठी हाये?"

"आपली माय काय सावत्र आहे का?"

"मले काय मालूम," ती म्हणाली. शेंगा फोडणं थांबलं होतं. "असंन. तू सख्खा असशीन अन् मी सावत्र असंन."

मी हसलो. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच गावच्या सुइणीकडं गेली. अकरा वर्षांची पोर, खोचलेला परकर, आणि त्या म्हातारीला तोंडावर विचारलं, "आजी, मी खरंच माह्या मायच्या पोटची हाये काय?" माझ्या पत्रकानं तिला एवढं शिकवलं होतं, की छळ असेल तिथं सावत्रपण असणारच. तेवढं एकदा खात्रीचं झालं असतं तर तिला सुटल्यासारखं वाटलं असतं.

सुईण बोळक्यानं हसली. घरी आल्यावर बहिणीनं तिची नक्कल करून दाखवली. "काहून व पोरी? म्याच तं ओढलं तुले! दीड दिवस छळलं तुवा तुह्या मायले. डोक्सं पाह्य तुहं, आजून मांगून चपटं हाये!" आणि स्वतःचं डोकं मागून चाचपत ती म्हणाली, "हाये चपटं. हात लावून पाह्य."

मी हात लावून पाहिलं. होतं थोडं चपटं. तिचे केस तेलानं मऊ होते.

भुलाबाईचे दिवस होते ते. आमच्याकडं पोरी महिनाभर मातीची भुलाबाई पाटावर बसवून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. संध्याकाळी घरोघर फिरतात. ज्या घरी खेळ, त्या घरची बाई डब्यात खिरापत झाकून आणते, डबा हलवते आणि पोरींनी आवाजावरून ओळखायची. त्या गाण्यांतली माणसंसुद्धा माझ्या यादीसारखीच ठरलेली असतात. सासू गांजते, नणंद चुगल्या करते, आणि आई? आई माहेरच्या वाटेकडं डोळे लावून बसते.

त्या संध्याकाळी खेळ आमच्या अंगणात होता. आई डबा घेऊन ओट्यावर बसली होती, तिच्या शेजारी गल्लीतली काकू, आणखी चार बायका. पोरी पाळीपाळीनं एकेक ओळ जोडत होत्या. बहिणीची पाळी आली. तिनं टिपऱ्या थांबवल्या नाहीत. म्हणाली:

"सासरी नाही गेली बाई, सासू नाही पाह्यली,
मायच्याच घरी माही माय बोलाची राह्यली."

टिपऱ्या दोन-तीन वाजल्या आणि एकेक करून बंद पडल्या. आईच्या हातातला डबा हलायचा थांबला. काकू आईकडं पाहत होती, मग माझ्याकडं वळली.

"काय रे, तू तं शिकलेला. काय म्हनून राह्यली हे पोरगी? खरं हाये काय थे?"

सगळ्या बायका माझ्याकडं पाहत होत्या. बहीणही पाहत होती. तिनं ती ओळ जुळवली होती ती याच क्षणासाठी, हे मला तेव्हाच कळलं. उशिरा कळलं असं मी म्हणणार नाही. कोणीतरी चारचौघांत एकदा "हो, खरं आहे" म्हणावं. आणि म्हणू शकणारा मी एकटाच होतो.

मी म्हणालो, "काही नाही काकू. गोष्टीतलं आहे. मीच शिकवलं तिला."

"असं व्हय!" काकूनं छातीवर हात ठेवला. "म्या म्हटलं काय झालं बाप्पा! मंग त्या गोष्टीतली माय सावत्र असंन."

"हो. सावत्रच."

बायका हसल्या. आईनंही पदरानं तोंड पुसलं आणि डबा हलवला. पोरी ओरडल्या, "मुरमुरे! फुटाने!" बहिणीनं ओळखायला तोंड उघडलं नाही. तिच्या हातावर खिरापत आली तेव्हा तिनं मूठ मिटली आणि आत गेली.

चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी वाशिमला निघालो. ती पाण्याची खेप घेऊन येत होती, तिची घागर मी घेतली.

"काहून म्हटलं तुवा तसं?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, मला तो हवा होता.

"मायची अब्रू गेली असती."

"अन् माही?"

मी घागर रांजणात ओतली. थोडं पाणी बाहेर सांडलं. तिनं ते आपल्या पायानं पुसलं, आणि मग, मी एवढा तोंड पाडून उभा आहे हे बघून, माझ्या पाठीवर एक चापटी मारली. "जाय. मोटार चुकंन तुही."

आता ती पंधरा वर्षांची आहे. वैशाखात लग्न होऊन रिठदला जाईल. आई तिच्या आंदणाची गोधडी शिवते आहे, टाके बारीक, एकसारखे. बोलणं अजून आज चालू, उद्या बंद असंच आहे. मी आईला विचारलं एकदा, सरळ, जसं तेव्हा विचारायला हवं होतं. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली आणि म्हणाली, "मले नाही सुदरत रे तिच्यासंगं बोलनं. तोंडातून शब्दच नाही निंगत." मला तिची चीड आली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही खरं आहे. ती राक्षसीण नाही. म्हणून तर कुठल्याच गोष्टीत तिला जागा नाही, आणि तिनं जे केलं त्यालाही नाव नाही.

हे सगळं लिहितोय हे मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "लिही. पन सावत्र नको लिहू या टायमाले."

नाही लिहिलं. काकू, तुम्ही हे वाचत असाल किंवा कोणी वाचून दाखवत असेल, तर ऐका: ते गोष्टीतलं नव्हतं. मी खोटं बोललो.

आणि तुम्ही, ज्यांच्या हातात हा कागद आहे. तुमच्या घरात एखादी मुलगी असेल जिच्याशी कोणी बोलत नाही. तुम्हाला ती माहीत आहे. ती कोण, हे मी सांगायची गरज नाही. कागद खाली ठेवा. तिला नावानं हाक मारा, आत्ता, घरातली सगळी माणसं ऐकतील अशी. आणि ती जे सांगेल त्याला गोष्ट म्हणू नका.