गाडीखालची परात

त्या उन्हाळ्यात मी वडिलांना म्हातारं ठरवून टाकलं आणि गाडीची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. पाटबंधारे खात्यातले. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा इथल्या नव्या कार्यालयात बदलून आले आणि इथलेच झाले. पण एप्रिलात जयंतीला कंधारजवळच्या आमच्या गावी जायचं, तेही स्वतः गाडी चालवत, हा त्यांचा नेम. वस्तीतली पहिली चारचाकी त्यांनीच आणलेली. विहारासमोर गाडी लावून ते उतरले की जयंती सुरू झाली, असं निदान त्यांना तरी वाटायचं.

गाडी आता सतरा वर्षांची होती. दोन महिन्यांत त्यांनी ती आधी आमच्या फाटकाच्या खांबाला घासली, मग शेजाऱ्यांच्या. विचारलं तर म्हणाले, "खांबच पुढं आलाय." पुढे पुढे ते गाडी काढायचंच टाळू लागले. कधी गुडघा दुखायचा, कधी ऊन लई असायचं. एकदा मंडईला गेले ते दीड तासानं परतले, कारण अरुंद वळणं चुकवत सगळं शहर हिंडून आले होते. माझा निकाल तयारच होता : यांच्या हातातलं बळ गेलं. शाळेत मुलांना दरडावते त्या आवाजात मी जाहीर केलं, "औंदा गाडी मी चालवणार." अण्णा भांडले नाहीत. न भांडणारे अण्णा मी पहिल्यांदाच पाहत होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

दुष्काळ असा की टँकर हीच गल्लीतली मोठी बातमी. एका रविवारी पाण्याचे जार आणायला मी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी वळायला गेले तर स्टिअरिंग जात्यासारखं जड. इंजिनातून म्हैस हंबरावी तसा आवाज. पुढे, मागे, पुन्हा पुढे. टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या बायकांना फुकटात करमणूक मिळाली. त्यातली एक म्हणाली, "मॅडम, उतरा तुमी. आमी उचलून वळवून देतो."

घामानं निथळत मी घरी आले. दोन महिने हा माणूस हे धूड वळवत होता आणि मी त्याच्याच हातांना नावं ठेवत होते! स्वतःचा राग आला की तो दुसऱ्यावर काढायची मला सवय आहे. "सांगायला काय झालं होतं?" मी अण्णांवरच ओरडले. ते म्हणाले, "मला वाटलं, मलाच जड जाऊन राहिलंय."

त्यांना घेऊन गॅरेज गाठलं. मिस्तरी अण्णांच्याच वयाचे, जुन्या ओळखीचे. बॉनेट उघडून त्यांनी एका छोट्या डबीचं झाकण काढलं. "साब, पावर स्टिअरिंगचं आईलच न्हाई. त्याच्याच जोरावर चाक हलकं वळतं. खाली डाग पडतो का?"

"एक थेंब नाही," मी छातीठोकपणे सांगितलं. अंगणातली फरशी रोज मीच झाडते.

त्यांनी वाकून पाहिलं, पण गाडी चार महिन्यांत धुतलेली नव्हती, त्यामुळे खाली सगळाच धुळीचा लेप. "भायेर गळत न्हाई म्हंजे आतून गळतंय. चाकं वळवणारा आख्खा रॅक उतरवावा लागंल. आठ रोज."

जयंती चार दिवसांवर होती. अण्णा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. औंदा यष्टीनं जाऊ."

मिस्तरींनी तेवढ्यापुरतं तेल भरून दिलं. घरी येऊन गाडी थांबते न थांबते तोच आईनं आतून जुनी परात आणली आणि सराईतपणे गाडीखाली सरकवली.

"हे काय?"

"एसीचं पाणी. दोन महिने झाले, धरून राहिले मी. असल्या दिवसात थेंब वाया घालवावा का?"

मी खाली वाकले. परातीत टप टप लाल तेल पडत होतं.

"आई, हे लाल आहे!"

"गंजकं असंल. मी काय पिऊन राहिले का? कढीपत्त्याला घालते."

कोपऱ्यातल्या कढीपत्त्याची काडी झाली होती. त्याचं खापर आम्ही सगळ्यांनी मिळून दुष्काळावर फोडलं होतं. अण्णा पायरीवर बसून डोळ्यात पाणी येईस्तोवर हसले.

दुसऱ्या दिवशी परात मांडीवर घेऊनच गॅरेजला गेलो. मिस्तरींनी तेलात बोट बुडवलं, आईची करामत ऐकून एक सुस्कारा सोडला आणि गाडीखाली शिरले. क्लिपपाशी रबरी पाईप चिरला होता. तासाभरात नवा बसला. मग आत अडकलेली हवा काढायची म्हणून पुढची चाकं उचलून त्यांनी अण्णांना बसवलं. "साब, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. सावकाश."

अण्णा दात आवळून दोन्ही हातांनी फिरवू लागले. डबीत बुडबुडे येत होते, मिस्तरी वरून तेल घालत होते. हळूहळू अण्णांचा एक हात सुटला. मग ते एका बोटानं फिरवू लागले.

"म्हंजे माझे हात..."

"हाताला काय झालंय साब? पाईप गेला व्हता."

मिस्तरी "बस" म्हणाले तरी अण्णा फिरवतच राहिले. मला रडू आलं, म्हणून मी उगाच मागचं टायर बघायला गेले.

जयंतीला अण्णांनीच गाडी नेली, विहारासमोर एका झोकात वळवून लावली. परतायच्या वेळी दिवेलागण झाली होती. मी शेजारच्या सीटवर बसायला निघाले, तर त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"धर बाई. समोरून लाइट आली की मला रस्ता दिसंना गेलाय. दोन वर्सं झाली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू हाताचंच धरून बसलीस. त्यात आणिक डोळ्याचं कुठं सांगू?"

मी गाडी सुरू केली. पहिल्याच वळणावर ते म्हणाले, "हळू. हलकं झालंय ते."