मेणबत्तीपुढचा कवी

नव्वदच्या दशकात बहरीनला असताना शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मला घरात बसवायचंच नाही. बदली झालेले अमेरिकन नौसैनिक जुफैरला, त्यांच्या तळाजवळच्या वस्तीत, घरातलं सामान विकायचे. त्यांच्या खोक्यांत मी अमेरिकेतल्या काळ्या कवींच्या जुन्या रेकॉर्ड शोधायचो. गाणी नव्हेत, खड्या आवाजात म्हटलेल्या कविता. एक मिळाली की दुसरीसाठी जीव तळमळायचा.

एकदा एका म्हाताऱ्या कवीची रेकॉर्ड आणली. बायकोला म्हणालो, "आपल्या वस्तीतलंच दुःख सांगतोय बघ हा. आपलाच माणूस."

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर कव्हरवरचा तो कवी बुद्धमूर्तीशेजारी उभा आणि त्याच्या अगदी पायाशी मेणबत्ती! कव्हरची कड करपली होती. आतली रेकॉर्ड पापडासारखी वाकली होती.

मी घर डोक्यावर घेतलं. "आता दुसरी कुठून आणू?"

"तुम्हीच आपला म्हणालात, म्हणून वंदनेला ठेवला," ती म्हणाली. "आधी लावून तर बघा."

तणतणतच लावली. सुई होडीसारखी वरखाली होत होती, आवाज हेलकावत होता, पण कवी बोलतच राहिला.

"एवढा चटका बसूनही गप्प बसत नाही," बायको म्हणाली. "आहेच तो आपला."