बॅटरीवाल्या बाईचं घर

उत्तनच्या बाजूच्या एका गावात मला सगळे ‘बॅटरीवाली बाई’ म्हणतात. इंजिनिअर करायला आईवडिलांनी एवढं रक्त आटवलं, त्याचं हे फळ. आमची कंपनी तिथल्या माळावर मोठमोठ्या बॅटऱ्यांचे कंटेनर ठेवणार आहे. दिवसा सोलरची वीज भरून घ्यायची आणि संध्याकाळी अख्ख्या मीरा रोडचे एसी चालू झाले की परत सोडायची. म्हणजे गारवा आमच्या फ्लॅटमध्ये आणि कंटेनर त्यांच्या दारात. ही वाटणी कोणी केली, हे कंपनीत विचारायचं नसतं. माझं काम गावकऱ्यांना समजावण्याचं.

गावातले बहुतेक तयार होते. अडून बसली होती एक मासे विकणारी मावशी, कारण नकाशावर कंटेनरचं कुंपण बरोबर तिच्या पडवीपाशी संपत होतं. तीसुद्धा नको म्हणत नव्हती. ती म्हणत होती, ठेवा, पण माळाच्या त्या टोकाला, रस्त्याच्या कडेला. घरात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. मी आत जाऊन भेटले होते, म्हातारीने माझा हात धरून ठेवला होता. गल्ली अशी, की रिक्षासुद्धा आत येत नाही.

“काय झाला, आग लागली, तर तिला उचलून मी कुटं पलू?” मावशी विचारायची.

त्या टोकाला न्यायचं तर केबल लांबते, आणि नकाशा हेड ऑफिसने एकदा पास केलेला. साहेबांच्या मते तो आता देवाचा शब्द. त्यामुळे मी आपली प्रत्येक वेळी तोंड भरून सांगायची, “मावशी, काही होत नाही. एकदम सेफ आहे.” इतक्यांदा सांगितलं की माझं मलाही पटलं होतं.

शेवटी तिने विचारलं, “तुज्या घराजवल ठेवली असतीस?”

“ठेवली असती की,” मी म्हटलं. बोलायला काय जातंय.

“मंग येतो तुजा घर बगायला.”

त्या गावात अशी रीतच आहे. मुलगी द्यायची असो की जमीन, शब्द देण्याआधी समोरच्याच्या घरी जाऊन, चार घास खाऊन, माणसं कशी राहतात ते बघून यायचं. मला वाटलं, बोलण्यापुरतं असेल. पण रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून मावशी तिच्या दिराला घेऊन खरंच आली. ठेवणीतलं लुगडं, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धी बिऱ्हाडं कांदासुद्धा न खाणारी. वासावरूनच पाहुणे आल्याचं चौथ्या मजल्यापर्यंत कळलं.

मी त्यांना घ्यायला खाली उतरले, तर पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग भरलेली. माझा नवरा सेक्रेटरी, त्यामुळे ती त्यानेच बोलावली होती, आणि मी साफ विसरले होते. एका भाडेकरूने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली होती, ती पार्किंगमध्ये चार्ज करू द्यायची की नाही, हा विषय. लिफ्टकडे जायची वाट मीटिंगमधूनच. कुणीतरी पाहुण्यांना खुर्च्या दिल्या आणि ते दोघं निवांत बसले.

नवरा रंगात आला होता. “देखिए, बॅटरी का कोई भरोसा नहीं. ऊपर बुजुर्ग लोग हैं, लिफ्ट बंद हो गयी तो उनको उतारेगा कौन? जिसको चार्ज करना है, गेट के बाहर करे, रोड के साइड में.”

एक स्कूटर. आणि मी मावशीच्या पडवीशी अख्खा माळ भरून ठेवायला निघालेली.

“जिनको मंजूर है, हाथ ऊपर,” नवरा म्हणाला. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. सेक्रेटरीच्या बायकोचा हात आपोआप जातो, त्याला डोकं लागत नाही. खाली घेताना बघितलं, तर मावशी माझ्याकडेच बघत होती.

वर येऊन तिने पोहे खाल्ले, साखर कमी आहे म्हणाली, स्वयंपाकघर बघितलं, गॅलरीतली तुळस बघितली. “घर चांगला हाय,” म्हणाली. स्कूटरबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते गेल्यावर नवरा म्हणाला, “साधी माणसं आहेत गं. त्यांना नीट समजावलंस ना, बॅटरी सेफ असते म्हणून?”

तो खरंच मनापासून विचारत होता.

पुढच्या आठवड्यात गावात बैठक झाली. साहेब स्वतः आले होते. मी पडद्यावर नेहमीची चित्रं दाखवली, आग विझवायची यंत्रणा समजावली. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, तरी मावशीकडे बघायचं मी टाळत होते. झाल्यावर मावशी उठली.

“मी बाईचा घर बगून आलो,” तिने गावाला सांगितलं. “माणसा चांगली हायेत. त्यांच्यात म्हातारी माणसा हायेत, म्हनून त्यांनी ठराव केला, बॅटरी ठेवायची ती गेटच्या भायेर, रस्त्याच्या कडंला. मला पटला. आपुन बी तोच ठराव करू.”

साहेबांना काही कळेना. ते कौतुकाने मान डोलवत होते. मावशीने हात वर केला, मग तिच्या दिराने, मग एकेक करत सगळ्या गावाने. आता मात्र साहेबांची मान थांबली.

“बाय, तू न्हाय करत?” मावशीने मला विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. घरी येऊन गेलेल्या बाईने विचारावं तसं विचारलं.

मला तिच्या सासूचा तो हात आठवला. नोकरीही आठवली, नाही असं नाही. मग मी हात वर केला.

साहेब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “मॅडम, हात खाली घ्या.”

मी घेतला नाही.